हरवलेला परवाना

वणीस सप्तशृंगीच्या दर्शनासाठीं जाणाऱ्या पुष्कळांस ठाऊक असेल कीं, १६७० सालीं सुरत लुटून परततांना शिवछत्रपतींनीं याच वणी-दिंडोरीच्या मुलखांत दाऊदखानाशीं झुंज दिली. त्या सुरतेच्या संपत्तीवर समुद्रांतूनहि अनेकांचा डोळा होता. कप्तान विल्यम किड त्यांपैकींच एक.

हा स्कॉटलंडचा खलाशी. फ्रेंच जहाजें व चांचे धरण्याची सनद १६९६ सालीं इंग्लंडच्या राजानें त्यास दिली. भांडवल बड्या सरदारांचें. खलाशांस पगार नाहीं, लुटींत वांटा. शिकार मिळेना तेव्हां माणसें बिथरलीं, आणि एका बाचाबाचींत किडनें आपल्याच गोलंदाजास बादली हाणून ठार केलें. मक्केकडून परतणाऱ्या तांड्यावरहि त्यानें झडप घालून पाहिली होती. तेव्हां तो साधु होता असें कोणी म्हणणार नाहीं.

१६९८ च्या जानेवारींत मलबार किनाऱ्यानजीक, बंगालहून सुरतेस निघालेलें एक धनाढ्य जहाज त्यानें धरलें. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, कप्तान इंग्रज, परवाना मात्र फ्रेंच! म्हणून ही लूट सनदेबरहुकूमच, असा किडचा दावा. पण मोगल दरबार खवळला, आणि सुरतेची वखार वांचविण्यासाठीं कंपनीस कोणीतरी चांचा हवाच होता. (कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, त्यांसहि हे लोक चांचाच म्हणत.)

तो परवाना किडनें आपल्या एका आश्रयदात्याच्या स्वाधीन केला होता. खटल्यांत तो पुढें आलाच नाहीं. खून व चांचेगिरी या आरोपांवरून २३ मे १७०१ रोजीं टेम्सकांठीं त्यास फांशीं दिलें. पहिला दोर तुटला, म्हणून पुन्हां चढविलें.

परवाना विसाव्या शतकांत सांपडला, लंडनच्याच सरकारी दप्तरांत.