दुसरे तिकीट

शेंदूरजनाघाट म्हटले की वऱ्हाडात आठवतात ती संत्री आणि संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका. या भागात बँकेत नोकरी करताना मी आणखी एक गोष्ट पाहिली. मोलमजुरी करणाऱ्या काही मुसलमान बाया हजसाठी वर्षानुवर्षे पै-पै साठवत. हजचा पैसा कष्टाचा हवा, म्हणून मुद्दल तेवढे आपले मानत, व्याज बाजूला काढत. निघण्याआधी कुणाचे देणे राहू नये, याचीही चिंता असे.

एवढे करून अडायचे एकाच ठिकाणी. बाईसोबत ‘महरम’ हवा. महरम म्हणजे नवरा, किंवा ज्याच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही असा बाप, भाऊ, मुलगा, भाचा. दीर चालत नाही, मग सारा जन्म एका घरात गेला असला तरी! मूलबाळ नसलेल्या विधवेने काय करावे? भाऊ तयार झाला, तरी त्याचा खर्च बहुधा तिच्याच माथी. यात्रा एक, तिकिटे दोन. “साहेब, पैसा तं जमला; पन आता संगं नेऊ कोनाले?” या प्रश्नाचे उत्तर आमच्या खतावणीत नव्हते.

याबाबत धर्मशास्त्रातही एकमत नाही. वऱ्हाडातले बहुतेक मुसलमान हनफी. त्यांच्यात ही अट कडक. पण आपल्या कोकणातले मुसलमान शाफी परंपरेचे. त्या परंपरेत विश्वासू स्त्रियांच्या सोबतीने फर्ज हज करायला मुभा आहे.

२०१८ साली भारताच्या हज धोरणाने ४५ वर्षांवरील स्त्रियांना चौघी किंवा अधिक जणींच्या गटाने महरमशिवाय जाऊ दिले. त्या वर्षी सुमारे १,३०० जणींनी अर्ज केले. त्यांना सोडतीत न घालता थेट मंजुरी मिळाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सौदी हजमंत्र्यांनीही महरमची सक्ती नसल्याचे जाहीर केले. २०२३ साली एकटीलाही अर्ज करता आला आणि भारतातून अशा चार हजारांवर स्त्रिया गेल्या.

हजमध्ये सफा आणि मरवा या टेकड्यांदरम्यान सात फेऱ्या घालतात. तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत धावलेल्या बीबी हाजराची ती आठवण. तिच्यासोबत तेव्हा कोणी पुरुष नव्हता. आज लाखो पुरुष श्रद्धेने तिच्याच वाटेने चालतात.

जिला महरमसोबत जायचे आहे, तिने जरूर जावे. पण जिच्या गाठीला एकाच तिकिटाचे पैसे आहेत, तिला ते एक तिकीट पुरले पाहिजे.