पाऊस रुसला तरी

आजवर मी तुमच्याशी बोललो ते बीजप्रक्रियेबद्दल, बोंडअळीबद्दल, फार तर शेततळ्याबद्दल. आज बोलणार आहे ते थोडे घरातले आहे. संकोच वाटतो, पण गावोगाव फिरताना हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की एकदा बसून उत्तर द्यावे असे मनात आले.

मी ख्रिस्ती आहे. बीड जिल्ह्यात आमची घरे थोडी, एखाद्या गावात चार तर एखाद्या गावात दहा. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. झालो आणि सारी नोकरी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून केली. पारावर बसलेली म्हातारी माणसे कधी थट्टेने, कधी खरेच कळवळून विचारतात, "साहेब, तुमचा देव लई मायाळू म्हणता, मग आमच्या बीडावरच त्याची अशी खप्पामर्जी का?"

मी बहुधा हसून पुढच्या बांधाकडे निघत असे. २०१५ साली मात्र तसे निघून जाता आले नाही.

त्या वर्षी जूनमध्ये दोन दिवस झड लागली. पन्नास-पंचावन्न मिलिमीटर पाऊस भरला असेल. आष्टी तालुक्यातल्या एका गावात लिंबाखाली माणसे जमली होती आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका, हे मी स्वतः शंभर सभांतून सांगितलेले. पण आभाळ भरलेले होते, माती हातात घेतली तर वाफसा सुरेख होता, आणि मी बोलून गेलो, "घ्या पेरून." पाऊस गेला तो गेलाच. उगवलेले रोप पंधरा-वीस दिवसांत माना टाकून वाळले.

त्यांत एका मावशीचे शेत होते. नवरा वारलेला, तीन एकर हलकी जमीन, एक मुलगा, सून आणि नातू. रविवारच्या उपासनेत आमची ओळख. दुकानातून उधारीवर बी आणून तिने कापूस आणि मूग पेरला होता, तो माझ्या शब्दावर. जुलैत मी तिच्या दारी गेलो आणि माझी चूक झाली म्हणून सांगितले. ती म्हणाली, "चुकलं खरं तुमचं, साहेब. पर चहा घेतल्याबिगर जाऊ नका."

चहा काळा होता; म्हैस विकली होती. कप हातात घेण्याआधी तिने डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. "देवा बापा, तुझे उपकार. हापशाला अजून पाणी हाय. गाईला वैरण हाय. लेकराचा ताप उतरला. साहेब घरी आले." आमेन म्हणायची माझी पाळी होती. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्या प्रार्थनेचा मला रागच आला, हेही सांगून टाकतो. असल्या उपकारस्मरणानेच आपली माणसे गरिबीत राहतात, जाब विचारायचा तिथे हात जोडतात, असे मनात आले.

तिने कप खाली ठेवला आणि विचारले, "आता काय पेरू?"

हा प्रश्न विचारणारी त्या आठवड्यात ती पहिलीच. बाकीचे एकतर आभाळाला शिव्या देत होते, नाहीतर मला. आपत्कालीन पिकांची यादी माझ्या पिशवीत होती. जुलै संपेपर्यंत बाजरी आणि तूर मिश्र घेता येते. ऑगस्ट उजाडला की सूर्यफूल, तूर, एरंडी. कापूस आणि मूग आता डोक्यातून काढायचे. मी म्हटले, बियाण्याला पैसे कुठून आणणार? तिने उतरंडीतले एक मडके काढले. राखेत घोळलेली बाजरी होती. तिच्या सासूपासूनचा नेम असा, की रास झाली की पहिला वाटा देवाचा, दुसरा बियाण्याचा, आणि मग घरचा. (संकरित बाजरीचे बी असे राखून चालत नाही, हे ध्यानात ठेवा. तिचे वाण गावठी होते.) देवावर इतका भार टाकणारी बाई, पण बियाणे तिने देवावर सोडले नव्हते.

त्याच सालच्या हिवाळ्याच्या तोंडाला आम्ही पंचनामे करीत होतो. तुम्हाला ते कागद ठाऊक आहेत. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक. दिवसभर रकाने भरून रात्री मी बायबल उघडले. जुन्या करारात हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचे तीनच अध्यायांचे पुस्तक आहे. त्याच्या शेवटाकडे तो एकेक नुकसान मोजतो : अंजीर, द्राक्ष, जैतून, शेतातले धान्य, वाड्यातली मेंढरे, गोठ्यातली गुरे. सहा नोंदी, आणि सहाही ठिकाणी शून्य. मी दचकलो. हा तर पंचनामाच आहे! यात त्याने एकही आकडा कमी दाखवलेला नाही, की देवाची भीड म्हणून एखादा रकाना रिकामा सोडलेला नाही. आणि तरीही पुढे तो म्हणतो, की मी देवाच्या ठायी आनंद करीन. भरपाई मिळेल असे कुठेच लिहिलेले नाही. मी हे पुस्तक लहानपणापासून ऐकत होतो, पण पंचनाम्याची शाई बोटाला लागलेली असताना वाचले ते पहिल्यांदाच.

तुम्ही म्हणाल, ते संदेष्ट्याला जमले, आपल्यासारख्याला कसे जमावे? म्हणून आपल्याच मुलखातली माणसे सांगतो.

पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही शाळेत ऐकले असेल. १८५८ सालचा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि निष्ठावंत. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडत असे. १८७० नंतरच्या त्या दक्षिणेकडच्या दुष्काळात अन्नाविना आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. काही वर्षांनी भाऊही गेला. १८८० साली लग्न झाले तर दीड-दोन वर्षांतच पती पटकीने वारले आणि तान्ही मनोरमा पदरात राहिली. देव चांगला आहे हे वाक्य या बाईने १८८३ साली ख्रिस्ती झाल्यावर म्हटले, ते असे सारे भोगून म्हटले. सुखात बसून म्हटलेले नव्हे.

मला, शेतीखात्याच्या माणसाला, त्यांचे पुढचे वागणे अधिक बोलके वाटते. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतून दहा वर्षांच्या मदतीचे वचन होते. ती मुदत संपेल तेव्हा काय, म्हणून त्यांनी आधीच पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली, विहिरी पाडल्या आणि फळझाडे लावली, की बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी. प्रार्थना आणि कलमे दोन्ही चालू! १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात आणखी आणल्या. मुक्ती सदनात जवळपास दोन हजार माणसे झाली, वर गुरे. पाऊस नव्हता. रोज संध्याकाळी विहिरीचा तळ दिसे, उद्याचे पाणी कुठून येणार याची काळजी लागे, आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी पुन्हा जमलेले असे. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मी पाणलोटाची कामे केलेला माणूस. दख्खनच्या पाषाणात मुरुमाच्या थरातून आणि भेगांतून रात्रभर पाणी पाझरते, विहिरीला विसावा दिला की ती पुन्हा भरते, हे मी तुम्हाला कागदावर काढून दाखवीन. रमाबाईंनी त्याला देवाची दया म्हटले. माझा कागद आणि त्यांचा शब्द यांत मला भांडण दिसत नाही. रोजच्यापुरते पाणी, उद्याचे उद्या, यावर दोन हजार माणसांचा संसार पुढे ढकलायचा म्हणजे काय, हे टँकरची वाट पाहिलेल्या बीडकरांना मी काय सांगावे? २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा आपल्या केज तालुक्यातले मांजरा धरण कोरडे पडले होते.

दुसरे उदाहरण तर आमच्या शिवेवरचे. आष्टी-पाटोद्याला लागून जामखेड आहे. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले. दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९६० साली लग्नाच्या दिवशीच दोघांनी देवापुढे शब्द दिला, की आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी घालवायचे. अमेरिकेत शिकून ते परतले ते थेट जामखेडला. आणि आले तो दुष्काळ! १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून काढला. डॉक्टरांनी औषधाची पेटी उघडली, तर माणसे म्हणाली, आम्हाला आधी अन्न द्या, पाणी द्या. डॉक्टरांनी ऐकले. गावोगाव मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला, विंधन विहिरी घेतल्या. हापसे दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला, म्हणजे साऱ्या गावाने तिथे पाण्याला यावे. पुढे गावातल्याच, अक्षर न ओळखणाऱ्या बायांना आरोग्यसेविका केले. त्यांत दलित वस्तीतल्या बाया पुष्कळ. त्यांच्या भागात १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत असत. १९९० नंतरच्या दशकात तो आकडा तिसाच्या आत आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मेबलबाई १९९९ साली गेल्या. त्यानंतर डॉक्टर बारा वर्षे एकटे काम करीत राहिले आणि २०११ च्या मे महिन्यात गेले. देव मायाळू आहे हे गावकऱ्यांना पटवायला त्यांनी पत्रके वाटत बसण्यापेक्षा हापसा बसवला. आमच्यातल्या काही उपदेशकांनी हे शिकावे, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

एक गोष्ट बोलायची राहून जाईल म्हणून इथेच बोलतो. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी किती घरांतला कर्ता माणूस गेला, ते तुम्ही जाणता. अशा एका घरी सांत्वनाला गेलो असता एक गृहस्थ म्हणाले, "त्याचा विश्वास कमी पडला." मी वयाचा मान बाजूला ठेवून त्यांना गप्प केले. हबक्कूकाने आपल्या पुस्तकाची सुरुवातच देवाला जाब विचारून केली आहे : किती वेळ हाक मारू, तू ऐकत का नाहीस? ते ओरडणे देवाने त्याच्या पुस्तकात राहू दिले. तेव्हा ज्याचा जीव घुसमटतो आहे त्याने बोलावे, बायकोशी, मित्राशी, देवाशी. आणि ऐकणाऱ्याने उपदेश न करता ऐकावे. सावकाराचा तगादा असेल तर एकट्याने सोसू नये, दोन माणसे सोबत घेऊन बोलणी करावीत.

मावशीचे काय झाले म्हणाल, तर चमत्कार काही झाला नाही. ऑक्टोबरात मुकादमाची उचल घेऊन मुलगा आणि सून कोयत्यावर गेले, थेट पश्चिम महाराष्ट्रात. नातू तिच्याजवळ राहिला. आपल्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे अशी जातात, त्यांत तिचे दोन. तूर वाळून गेली. बाजरी मात्र परतीच्या एका सरीवर तगली आणि दोन पोती झाली.

कापणीच्या सणाला आमच्याकडे माणसे शेतातले पहिले धान्य, भोपळा, कोंबडी घेऊन येतात, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी टेबलावर फारसे काही नव्हते. मावशीने अर्धी पायली बाजरी आणून ठेवली. मी म्हटले, "मावशी, या वर्षी नसते आणले तर चालले असते." ती म्हणाली, "का? याच वर्षी नको व्हय?" लिलावात ती बाजरी मी घेतली. कितीला घेतली ते लिहीत नाही, घरी अजून ठाऊक नाही. त्या दिवशी आमेन म्हणायला मला अडचण पडली नाही.

तेव्हापासून तिच्या अंगणात, झाडाझुडपापासून दूर, सरळ काठाचा एक डबा विटांमध्ये पक्का बसवलेला आहे. नातवाची शाळेतली पट्टी त्यात उभी धरून ती सकाळी पाऊस मोजते आणि भिंतीवर कोळशाने आकडा लिहिते. मीच शिकवले. तुम्हीही करू शकाल. डबा मात्र वर-खाली सारख्याच रुंदीचा हवा आणि रोज ओतून रिकामा करायला हवा. गेल्या जूनमध्ये सकाळी साडेसहाला तिचा फोन आला. पाऊस चांगला झाला होता, शेजारच्यांनी तिफणी बाहेर काढल्या होत्या.

"साहेब, सलाम. रातीची प्रार्थना झाली, लई उपकार मानले. डब्यात आजवरचे मिळून बासष्ट झालेत."

"मग?" मी विचारले.

"मग काय? थांबते अजून. तुम्हाला सांगून ठेवावं म्हणलं, कुणाला घ्या पेरून म्हणू नका."