शाळेच्या परसबागेसाठी जागा

शाळेस परसबाग असावी, हे शिक्षकास वेगळे सांगावे लागत नाही. अडते ते जागेपाशी. पटांगण मुरमाड, कुंपणापलीकडे खाजगी शेत, आणि गावात मोकळी दिसणारी जागा बहुधा कोणाच्या तरी वापरातली. म्हणून जागा मनात भरण्यापूर्वी ती कोणाची आहे हे कागदावर पाहावे. गावठाणाबाहेरील जमिनीचा सात-बारा तलाठी कार्यालयात मिळतो. गावठाणातील जागेची चौकशी ग्रामपंचायतीकडे करावी.

गायरानाविषयी विशेष सावधगिरी हवी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गुरचरणासाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून अन्य कामी लावता येत नाही. सरपंचांनी तोंडी होकार दिला, एवढ्यावर कुंपण घालू नये. कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी दुसरी गोष्ट उरतेच. ज्या घरी दोन शेळ्यांखेरीज धन नाही, त्या घरचे मूल याच शाळेत शिकत असते. त्या शेळ्यांची वाट अडवून पिकविलेला पालक त्याच्याच ताटात वाढणे शोभत नाही.

पुष्कळदा योग्य जागा शाळेच्या मागेच, हात धुण्याच्या नळाशेजारी सापडते. तेहतीस फूट लांब व तितकीच रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. आरंभास त्याचा चौथा हिस्साही पुरे. केंद्र शासनाने २०१९ साली शालेय पोषण बागांविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मोठ्या जागेचा आग्रह नाही. कुंड्या व डबेही चालतात. जागेवर दिवसाचा बराच वेळ ऊन येते की नाही हे पाहून फूटभर खड्डा खणावा. लगेच मुरूम लागल्यास माती व कुजलेले शेणखत घालून वाफे उंच करावेत. हात धुतलेले पाणी चरातून वाफ्यांकडे वळवावे. भांडी घासलेले साबणाचे पाणी मात्र पालेभाजीस न देता केळीच्या आळ्यात सोडावे.

कामाची वाटणी शिक्षकांनी स्वतः करावी. ती मुलांवर सोडली की झाडणे मुलींकडे, खणणे मुलांकडे, आणि शेण कालविणे ठराविक घरच्या मुलांकडे जाते. पाळी पटावरील क्रमाने लावली म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

बागेची खरी परीक्षा मे महिन्यात होते. सुट्टीत पाणी घालणारे कोणी नसेल, तर जूनमध्ये वाळलेल्या काड्याच दिसतात. मेथी पेरणीपासून महिन्याभरात व भेंडी सुमारे दीड महिन्यात हाती येते. तेव्हा ही पिके सुट्टीपूर्वीच आटोपतील अशा बेताने पेरावी. कुंपणालगत शेवगा लावावा. मूळ धरल्यावर तो कमी पाण्यावर तग धरतो. भेंडीच्या चार निबर शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात, आणि त्यांचे बी राखेत घालून कोरड्या डब्यात शाळेच्या कपाटात ठेवावे. डब्यावर पिकाचे नाव व साल मुलांकडूनच लिहवून घ्यावे.