चिखलीची पाटी

खामगावच्या स्टँडवर धुरळा उडवत एसटी वळली आणि तू विचारलंस, "आबा, एवढ्या लांबून तुम्हाले कसं वाचता आलं?"

वाचलं कुठे, बाई! डोळा तिकडे गेला आणि 'चिखली' उमटलं. वाचायचं नाही म्हटलं तरी आता थांबवता येत नाही.

पाटीवरचा उजेड डोळ्यात शिरला की निरोप थॅलॅमस नावाच्या चौकीवरून डोक्याच्या पार मागे जातो. तिथे नुसत्या काड्या, वाकणं, गाठी. मग तो मेंदूच्या तळाशी, डाव्या कानाच्या मागच्या बाजूला पोचतो. तिथे एवढीशी जागा आहे, ती रेघांचा शब्द करते. हे सगळं सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात. अक्षर रंगवलेलं असो की छापलेलं, तिला फरक पडत नाही.

गंमत म्हणजे ही जागा कुणी वाचनासाठी घेऊन जन्मत नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, मेंदू त्याहून कितीतरी जुना. चेहरे, वस्तू ओळखणाऱ्या शेजाऱ्यांकडून जागा मागून घ्यावी लागते, ती शाळेत. मोठेपणीही मिळते बरं. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने आपलीच देवनागरी शिकवली, तर त्या थॅलॅमसचं मागच्या भागाशी बोलणं वाढलेलं दिसलं. २०१७ साली ते छापून आलं.

आणि जागा बिघडली तर? पॅरिसमधल्या एका व्यापाऱ्याला १८८७ च्या ऑक्टोबरात अचानक वाचता येईना. माणसं ओळखायचा, बोलायचा, चिठ्ठीसुद्धा लिहायचा; पण स्वतः लिहिलेली चिठ्ठी त्याला वाचता येत नसे! देजरीन नावाच्या डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्याची हकिकत मांडली. अक्षरावरून बोट फिरवलं की मात्र ते कळायचं. हाताला ठाऊक, डोळ्याला नाही.

आपल्या लिपीची खोडी वेगळीच. 'चिखली'त पहिली वेलांटी च च्या आधी काढायची, म्हणायची नंतर. दुसरी मात्र सरळ मागे. हिंदी वाचणाऱ्यांवर प्रयोग केले, तेव्हा अशा पहिल्या वेलांटीच्या शब्दांना किंचित जास्त वेळ लागला. मग तू दुसरीच्या वर्गात अडखळायचीस, त्यात तुझा काय दोष? मी उगाच रागावलो.

बरं, मिट डोळे. तळहात पुढे कर. एक अक्षर काढतो... अगं, गुदगुल्या झाल्या म्हणून हात काय ओढतेस? कंडक्टरनं घंटी द्यायच्या आत सांग.