टपाल-तिकिटांच्या किंमतसूच्या : त्यांवर भरंवसा किती ठेवावा?

टपालाचीं तिकिटें जमविण्याचा छंद विद्यार्थिवर्गास नवीन नाहीं. आपल्या सोलापुरांतहि कित्येक घरीं वडिलांनीं किंवा आजोबांनीं हौसेनें जमविलेल्या तिकिटांची एखादी जुनी वही कपाटांत पडलेली असते. अशी वही हातीं आली म्हणजे पहिला प्रश्न उद्भवतो तो हा कीं, हिची किंमत काय असेल? मग कोणी छापील किंमतसूची उघडतो, तींतील आंकड्यांची बेरीज करितो, आणि घरांत द्रव्यनिधि सांपडल्याचा आनंद मानितो. पुढें व्यापाऱ्यानें त्याच वहीचे अगदीं थोडे रुपये देऊं केले म्हणजे निराशा होते, व आपणांस फसविण्यांत येत आहे असेंहि वाटूं लागतें. कधीं तें खरें असतें. परंतु बहुधा किंमतसूची म्हणजे काय हें नीट न समजल्यामुळें हा घोटाळा होतो. म्हणून त्या विषयाचा थोडा विचार येथें करूं.

लंडन येथील स्टॅन्ले गिबन्स या प्रसिद्ध पेढीनें आपली पहिली किंमतसूची १८६५ सालीं काढिली. ती मुळांत दुकानदाराची विक्रीची यादी होती, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. आजहि तींतील आंकड्याचा अर्थ, ‘उत्तम स्थितींतील असें तिकीट आमच्या दुकानांतून घेतल्यास इतकें मूल्य पडेल,’ असा आहे; ‘तुमचें तिकीट आम्ही इतक्यास घेऊं,’ असा नाहीं. सोलापुरी चादरीचा पेठेंतील भाव पाहून आपल्या घरची वापरलेली चादर त्याच भावानें विकली जाईल असें कोणी समजत नाहीं. तिकिटांच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंहि तसें समजतात! शिवाय अगदीं सामान्य तिकिटासमोरहि सूचींत कांहीं तरी किमान आंकडा असतोच. ती किंमत तिकिटाची नसून तें शोधून, निवडून ग्राहकास देण्याच्या श्रमाची असते. अशा हजार तिकिटांची बेरीज कितीहि मोठी आली तरी ती केवळ कागदावरची होय.

दुसरी गोष्ट स्थितीची. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं आपल्या सरकारनें महात्मा गांधींचीं चार तिकिटें काढिलीं : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे व दहा रुपये. तीं स्वित्झर्लंडमध्यें छापलेलीं होतीं. यांपैकीं दहा रुपयांच्या तिकिटास संग्राहकांत मोठा मान आहे. परंतु त्या काळीं तिकिटें वहींत लावण्यासाठीं मागें कागदाची बारीक बिजागरी चिकटवीत असत. तिचा डाग ज्याच्या गोंदावर नाहीं असें तिकीट फार महाग. डाग असलेलें स्वस्त. दांता तुटलेलें किंवा घडी पडलेलें त्याहून स्वस्त. या तिकिटाच्या नकलाहि झालेल्या आहेत. पुनः, याच तिकिटांवर सरकारी उपयोगासाठीं ‘सर्व्हिस’ हा शब्द छापलेला एक प्रकार आहे. त्यांतील दहा रुपयांचीं अवघीं १०० तिकिटें छापलीं गेलीं, आणि अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ सालीं ५ लाख पौंडांस विकली गेली. ही वार्ता वाचून आपलें साधें गांधी-तिकीट काढून पाहणाऱ्यानें आधीं तो एक शब्द त्यावर आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो खरा आहे कीं मागून उठविलेला, हें पाहावें.

कोणी म्हणेल, तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून घेतला म्हणजे झालें. यांत तथ्य आहे. पण तेंहि पूर्ण नव्हे. अमेरिकेंत १९०९ ते १९११ या काळांत तंबाखूच्या पाकिटांबरोबर बेसबॉल खेळाडूंचीं चित्रपत्रें मिळत. त्यांत होनस वॅग्नर या खेळाडूचें पत्र अतिशय दुर्मिळ. अशा एका पत्रास १९९१ सालीं एका परीक्षक संस्थेनें १० पैकीं ८ हा दर्जा दिला, आणि २००७ सालीं तें २८ लाख डॉलरांस विकलें गेलें. पुढें २०१३ सालीं एका नामांकित लिलावदारानें न्यायालयांत कबूल केलें कीं, त्या पत्राच्या कडा आपण कातरल्या होत्या! तात्पर्य, सूची दर्जावर उभी, आणि दर्जा माणसाच्या डोळ्यावर उभा.

तिसरी गोष्ट काळाची. सूची छापून हातीं येईपर्यंत बाजार बदललेला असतो. अमेरिकेंतील स्कॉट सूचीनें १९८९ च्या आवृत्तींत आपल्या पुष्कळ किंमती एकदम उतरविल्या, कारण त्या प्रत्यक्ष व्यवहाराशीं जुळत नव्हत्या. तिकिटें तींच, वह्या त्याच; परंतु एका आवृत्तीनें कागदावरचें धन वितळलें.

मग सूची टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. तिकीट कोणत्या सालचें, त्याचा कागद, जलचिन्ह व दांते कसे, दोन सारख्या दिसणाऱ्या तिकिटांत दुर्मिळ कोणतें, हें सूचीइतकें स्पष्ट दुसरें कोणी सांगत नाहीं. तुलनेसाठीं ती विश्वसनीय. रोख मूल्यासाठीं नव्हे. खरें मूल्य पाहावयाचें असल्यास त्याच तिकिटाच्या, त्याच स्थितींतील, अलीकडच्या अनेक लिलावांचे निकाल पाहावे. एका विक्रीवरून अनुमान काढूं नये. आणि मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत असें मानूं नये. मौल्यवान तिकीट विकण्यापूर्वीं दोन-तीन जाणत्यांस दाखवावें. जो विक्रीपूर्वींच शुल्क मागतो त्यापासून दूर राहावें. जुन्या नोटा व नाणीं यांच्या व्यवहारांत आपलें नांव सांगून शुल्क व दलाली उकळणाऱ्यांविषयीं रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर इशारा दिला होता; तो तिकिटांसहि तितकाच लागू आहे. पालकांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें, कारण अडचणीच्या वेळींच असल्या आमिषांस माणूस बळी पडतो.

शेवटीं एक विचार. आपल्या सोलापुरांत जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्यें रुग्णसेवा करितां करितां १९४२ सालीं निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ चीननें १९८२ सालीं व भारतानें १९९३ सालीं तिकिटें काढिलीं. अलीकडचीं स्मारक-तिकिटें मोठ्या संख्येनें छापलीं जातात, म्हणून त्यांपासून धनलाभाची आशा सहसा करूं नये. तरीहि सोलापूरच्या मुलाच्या वहींत हीं तिकिटें अवश्य असावीं. त्यांच्यापुढें सूचींत कोणता आंकडा आहे हें पाहण्याची मग गरज राहत नाहीं.