भीक, भिक्षा आणि शिपायाचे तारतम्य

‘भीक’ आणि ‘भिक्षा’ हे एकाच कुळातले दोन शब्द. एक तद्भव, दुसरा तत्सम. परंतु त्यांच्या प्रतिष्ठेत जे अंतर आहे त्याचा उलगडा व्युत्पत्तीने होत नाही. भिक्षुकाला घरात पाट मांडला जातो, भिकाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागते. या दोन टोकांच्या मध्ये पुन्हा कितीतरी पायऱ्या आहेत. गरीब विद्यार्थ्याची माधुकरी वेगळी, रामदाशाची भिक्षा वेगळी, परडी पुढे करून देवीच्या नावाने मागितलेला जोगवा वेगळा आणि पहाटे दारी आलेल्या वासुदेवाच्या झोळीत घातलेले दान वेगळे. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेच्या निरूपणाला एक स्वतंत्र समास दिलेला असून त्याच्या पाठोपाठ कवित्वकलेचा आणि कीर्तनलक्षणांचा समास येतो. हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही. दुसऱ्या बाजूला, भिक्षापात्र हाती धरून जगण्याचा तुकोबांना किती तिटकारा होता हेही सर्वश्रुत आहे. म्हणजे याचनेविषयी मराठी परंपरा एकमताची मुळीच नाही; परंतु कोण मागतो, कोणापाशी मागतो, कोणत्या वेळी आणि कशाच्या बदल्यात मागतो, याचा विचार तिने बारकाईने केलेला आहे.

हे सारे येथे आठवण्याचे कारण एक कायदा आहे. तत्कालीन द्वैभाषिक मुंबई राज्याने ‘मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९’ हा कायदा केला. १९६० मध्ये, म्हणजे त्या राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली त्याच वर्षी, तो केंद्रशासित दिल्लीला लागू करण्यात आला. आणि पुढे सुमारे अठ्ठावन्न वर्षे ‘मुंबई’ हे नाव मिरवीतच राजधानीच्या रस्त्यांवर त्याचा अंमल चालला. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी केलेल्या कायद्यांची भाषा संदिग्ध असली तर पोलिसांच्या हाती प्रमाणाबाहेर सत्ता जाते काय, हा प्रश्न सामान्यतः विधिज्ञांचा मानला जातो. पण संदिग्धता हा शब्दांचा गुण आहे, आणि शब्दांचा अभ्यास हे तर आपलेच क्षेत्र. म्हणून या एका कायद्याची भाषा साहित्याच्या अभ्यासकाने वाचून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अधिनियमाने केलेली भीक मागण्याची व्याख्या पाच कलमी आहे. सार्वजनिक जागी भीक मागणे किंवा स्वीकारणे, मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे किंवा एखादी वस्तू विकावयास पुढे करणे अशा कोणत्याही निमित्ताने असो वा नसो, हे पहिले कलम. भीक मागण्यासाठी खाजगी आवारात शिरणे हे दुसरे. माणसाची किंवा जनावराची जखम, व्यंग वा रोग दाखवून भीक मिळविणे हे तिसरे. चौथ्याकडे थोड्या वेळाने वळू. पाचवे, भिकेसाठी प्रदर्शनाची वस्तू म्हणून स्वतःचा वापर होऊ देणे.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही यादी वाचताना चमत्कारिक ओळख पटते. एकनाथांच्या भारुडांतील पात्रे डोळ्यांपुढे आणावीत: वासुदेव, जोशी, गोंधळी, गारुडी, कोल्हाटीण, जोगवा मागणारी, आंधळा, पांगूळ. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ दाखविणे, व्यंग पुढे करणे. विधिमंडळाने एकेक क्रियापद वेचून जी मांडणी केली ती जणू भारुडांच्या अनुक्रमणिकेवरूनच केली आहे. फरक एवढाच की नाथांनी या पात्रांच्या तोंडी अध्यात्म घातले आणि कायद्याने त्यांच्या कलेला ‘निमित्त’ म्हटले. रा. चिं. ढेरे यांनी ज्यांना मराठी लोकसंस्कृतीचे उपासक म्हणून गौरविले, ते सारे या पहिल्या कलमात बसतात. गाणे ही भिकेची सबब आहे की दान हे गाण्याचे मोल आहे, हा प्रश्न मुळात सोपा नाही. कायद्याने तो विचारण्याचेच टाळले.

तथापि पहिल्या तीन कलमांत निदान काहीतरी कृती आहे. चौथ्या कलमात तीही नाही. उपजीविकेचे कोणतेही दृश्य साधन नसताना, भीक मागून जगत असण्याचा संभव वाटावा अशा अवस्थेत किंवा अशा रीतीने सार्वजनिक जागी हिंडणे अथवा थांबणे, असा त्याचा आशय आहे. यातील शब्द सुटे करून पाहिले पाहिजेत. ‘दृश्य साधन’ म्हणजे काय? गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची थापी रात्री त्याच्याजवळ नसते. लग्नसराईत भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी तिच्या कपाळावर लिहिलेली नसते. ‘अवस्था’ म्हणजे मळलेले कपडे काय? ‘संभव वाटणे’ म्हणजे नेमके कोणाला वाटणे? हात पुढे केलेला नसला तरी चालतो, तोंडातून शब्द निघालेला नसला तरी चालतो. येथे गुन्हा क्रियेत नसून दिसण्यात आहे, आणि दिसणे हे पाहणाऱ्यावाचून पुरे होत नाही. हा पाहणारा म्हणजे गस्तीवरचा शिपाई. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर या वाक्यातला कर्ता लुप्त आहे, आणि त्या रिकाम्या जागी पोलीस उभा आहे.

या शब्दयोजनेला वंशावळ आहे. इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेगिरीविषयक कायद्यात ‘दृश्य साधन नसलेला’ माणूस दंडपात्र ठरलेला दिसतो. आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०९ मध्ये, ज्याला उपजीविकेचे साधन दिसत नाही किंवा ज्याला स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देता येत नाही अशा माणसाकडून जामीन घेण्याची तरतूद होती. समाधान कोणाचे, हे तेथेही सांगितलेले नव्हते. १९७३ ची नवी संहिता करताना हा भाग वगळण्यात आला, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो परतलेला नाही. सामान्य फौजदारी कायद्याने जी भाषा टाकून दिली ती भिकेच्या कायद्यात मात्र तशीच राहिली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचीही येथे आठवण होते. तो १९५२ मध्ये रद्द झाला खरा. परंतु माणसाला त्याच्या कृत्यावरून नव्हे तर त्याच्या जातकुळीवरून व भटकेपणावरून ओळखण्याची सवय एका अधिसूचनेने जात नसते.

आता अंमलबजावणी. भीक मागताना आढळलेल्या व्यक्तीला कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने अधिपत्राशिवाय अटक करावी, दंडाधिकाऱ्याने संक्षिप्त चौकशी करावी, आणि आरोप शाबीत झाल्यास एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत, म्हणजे भिक्षेकरी गृहात, डांबून ठेवावे. वारंवार सापडणाऱ्याला ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढू शकते. दिल्लीत किंग्जवे कॅम्पच्या सेवा कुटीरमध्ये हे काम चाले; २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांपूर्वी, २००९ मध्ये, फिरती न्यायालयेही सुरू करण्यात आली. संक्षिप्त चौकशीत पुरावा तो काय असणार? शिपायाने पाहिले, हाच. चोरीच्या खटल्यात निदान चोरलेली वस्तू तरी सहसा हजर केली जाते.

या कायद्यात एक बारीक भेद आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भीक मागण्यासाठी खाजगी आवारात शिरलेल्या माणसाला, त्या जागेत राहणाऱ्याने तक्रार केल्याखेरीज, अटक करता येत नाही. म्हणजे दारावर आलेल्याची पारख घरधन्याने करायची. वाढावे की ‘पुढे जा’ म्हणावे, हे तारतम्य परंपरेने त्याच्याकडेच होते आणि कायद्यानेही ते तेथे मान्य केले. रस्त्यावर मात्र ते सर्वस्वी शिपायाकडे गेले. सवलतीचेही तसेच. कायद्याने किंवा ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याने परवानगी दिलेल्या कार्यासाठी पैसे गोळा करणे ही भीक नव्हे. उत्सवाच्या वर्गणीला अशी परवानगी मिळू शकते. डोंबाऱ्याच्या पोरीने ती कोणत्या कचेरीत मागावी?

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. जीवनातील सर्व प्रसंग आधीच ओळखून त्यांची यादी करणे कोणत्याही विधिमंडळाला शक्य नाही. म्हणून काही शब्द सैल ठेवावेच लागतात, आणि शिपायाला काहीच तारतम्य नको म्हणणे म्हणजे त्याला यंत्र समजणे होय. शिवाय मुलांना पळवून, त्यांना अपंग करून भिकेला बसविणाऱ्या टोळ्यांचे काय? आक्षेप खरा आहे. ‘वाजवी’, ‘सद्भावपूर्वक’ यांसारख्या शब्दांवाचून कोणताच कायदा उभा राहत नाही. परंतु सैलपणा दोन प्रकारचा असतो. कृती निश्चित असून तिचे मोजमाप सैल असणे हा एक प्रकार. भरधाव गाडी हाकण्याचा गुन्हा तसा आहे. कृतीच निश्चित नसणे हा दुसरा. पहिल्यात नागरिकाला आपण काय टाळावे ते कळते. दुसऱ्यात त्याने काय टाळावे? गरीब दिसणे? टोळ्यांविषयी म्हणावे तर दुसऱ्याला भीक मागावयास लावणाऱ्यासाठी याच अधिनियमात कलम ११ स्वतंत्रपणे आहे. त्यासाठी चौथ्या कलमाची मुळीच गरज नव्हती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सनव्हिल शहराचा भटकेगिरीचा नियम १९७२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी रद्द केला. न्यायमूर्ती डग्लस यांनी त्या निकालात व्हिटमन आणि थोरो यांची आठवण काढली, ही गोष्ट आपल्या वाचकांना रोचक वाटेल: निरुद्देश भटकणे हा गुन्हा ठरला तर कवींचे काय, असा त्यांचा रोख होता. आपल्याकडे याच तत्त्वाचा ठसठशीत उच्चार २०१५ मध्ये झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी समाजमाध्यमावर लिहिल्याबद्दल पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ रद्द केले. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ अशा शब्दांना निश्चित अर्थ नाही, एकाला जे त्रासदायक ते दुसऱ्याला नाही, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते.

भिकेच्या कायद्याची पाळी दिल्लीत त्यानंतर आली. २००६ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले होते की माणूस का मागतो आहे हे दंडाधिकाऱ्याने पाहिले पाहिजे. आळसाने, व्यसनापायी, टोळीच्या धाकाने की भुकेने. ८ ऑगस्ट २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या कार्यकारी मुख्य न्यायमूर्ती गीता मित्तल आणि न्यायमूर्ती सी. हरिशंकर यांनी हर्ष मंदर आदींच्या याचिकांवर निर्णय देऊन अधिनियमातील बहुतेक दंडात्मक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. बेघर आणि भिकारी यांतील भेद ही व्याख्या पुसून टाकते, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. कलम ११ कायम राहिले, आणि सक्तीने भीक मागावयास लावणाऱ्या टोळ्यांविरुद्ध नवा कायदा करण्यास राज्याला मोकळीक ठेवण्यात आली.

या निर्णयाआधी जेमतेम पाच आठवडे, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना, मुले पळविणारे असल्याच्या संशयावरून, जमावाने ठेचून मारले. त्या जमावाच्या हाती कोणताही कायदा नव्हता, आणि कायद्यामुळे ते घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण अनोळखी, भटका, झोळी घेतलेला म्हणून संशयित, हे अनुमान दोन्हीकडे एकच आहे. पूर्वी अशा समाजांना गावच्या पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), भविष्य सांगून भिक्षा मागणाऱ्या जोशी समाजातून आलेले दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७), किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही आत्मकथने आपण दलित व भटक्यांच्या साहित्यात ठेवतो ते योग्यच; परंतु ‘दृश्य साधन नसलेला’ या शब्दांवरचे भाष्य म्हणूनही ती वाचता येतील. पाहणाऱ्याची बाजू कायद्यात आहे, पाहिल्या गेलेल्याची या पुस्तकांत.

दिल्लीत शादीपूर डेपोजवळ कठपुतली कॉलनी होती. तेथील बाहुल्यांचे खेळ करणारे, जादूगार, डोंबारी यांना परदेशांतील भारत महोत्सवांत देशाची कला म्हणून नेले जाई. तीच माणसे शहराच्या चौकात ढोल वाजवू लागली की पहिल्या कलमात येत. ती वस्ती २०१७ मध्ये पाडण्यात आली, म्हणजे वर्षभराने आलेल्या निर्णयाचा लाभ त्या पत्त्यावर कोणाला झाला नाही. महाराष्ट्रात तर मूळ अधिनियम अद्याप लागूच आहे. मोरपिसांची टोपी घालून, टाळ वाजवीत पेठेतून जाणारा वासुदेव आजही त्या व्याख्येत बसतो, आणि त्याला कोणी धरीत नाही. त्याच रस्त्यावर सिग्नलपाशी बाळ कडेवर घेऊन पेने विकणारी पारधी समाजातील बाईही बसते. तिला धरतात.