गुडघा जुळला, पाऊल साशंक

मांडव्याचा (जि. बीड) धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या स्पर्धेत पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध तुटला. जानुमर्मावरील आघाताने खंजता येते, असे सुश्रुताचार्य सांगतात.

या अस्थिबंधात संवेदी मज्जातंतूही असतात. ते तुटले की सांध्याची वार्ता मेंदूस नीट पोहोचत नाही, मांडीचा स्नायू पूर्ण जोर लावत नाही. अभ्यंगाने वेदना शमते. हे शिक्षण मात्र तेलाने होत नाही, हे आम्ही वैद्यांनी मान्य करावे. अंतरवाली सराटीच्या कबड्डीपटूलाही फिजिओथेरपीसोबत एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव, पुढे तोच डोळे मिटून, आणि चढाईची मनोमन उजळणी सांगावी. सरावाने मेंदूतील जोडण्या बदलतात. शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत मैदानात उतरल्यास पुन्हा इजेचा धोका वाढतो. जत्रेतील सामन्यांसाठी ही मुदत मोडू देऊ नये.